मंडईत एक मांडव रोबोटचाही: झाडीपट्टीतल्या मंडई मंडळांना खुले पत्र

प्रति,
भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या गावोगावच्या मंडई मंडळांचे अध्यक्ष, सचिव, सदस्य आणि सरपंच मंडळी,

सप्रेम नमस्कार.

कोजागिरी झाली. आता दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या, म्हणजे आपल्या गावजत्रेच्या, तयारीसाठी गावागावांत तुमच्या बैठका बसतील. नाटक कोणत्या कंपनीचं, बोली किती, लोकनाट्याच्या दंडारी किती बोलवायच्या, बाजूच्या गावाची मंडई ज्या दिवशी त्या दिवशी आपली नको, वर्गणी घरटी किती. याच बैठकीत आणखी एक विषय घ्या, एवढी विनंती करायला हे पत्र लिहिते आहे. यंदाच्या मंडईत एक लहान मांडव रोबोटसाठी ठेवा. दहा बाय दहा फूट जागा पुरते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. माहेर-सासर दोन्ही धानाच्या पट्ट्यातलं. लहानपणी भाऊबीज झाली की मंडई कधी, एवढाच प्रश्न असायचा. आत्या यायच्या, मामेबहिणी यायच्या, अंगणात पाहुण्यांसाठी बाजा टाकल्या जायच्या. दिवसा दंडार, संध्याकाळी बाजार, रात्री नाटक. सोयरिकी तिथंच जुळायच्या, अजूनही जुळतात. हलका धान कापून झालेला असतो, भारी धान अजून बांधीत उभा असतो. म्हातारी माणसं, धानाच्या रोवणीला (लावणीला) जाणाऱ्या बाया, नागपूर-पुण्याला कामाला असलेली पोरं, सगळी एका जागी आणि बोलायला मोकळी अशी वर्षातून याच दिवसांत सापडतात. विज्ञान घेऊन जायचं तर तिथंच जायला हवं, असं माझं ठाम मत झालं आहे.

शाळांची विज्ञान प्रदर्शनं होतात. तालुक्याचं होतं, जिल्ह्याचं होतं. मी दरवर्षी मुलं घेऊन जाते आणि पुढेही जाईन. पण तिथं येतं कोण? मुलं, शिक्षक आणि परीक्षक. वेळ सकाळी अकरा ते चार. ज्यांच्या घरातून ती मुलं येतात ती माणसं त्या वेळी चुरण्यावर (मळणीवर) किंवा मजुरीवर असतात. मुलीनं काय बनवलं ते आईला प्रमाणपत्रावरून कळतं. आणि एकदा तर मोठा यांत्रिक माणूस आणला होता, हात जोडून नमस्कार करणारा. भोवती दोरी बांधलेली, ‘हात लावू नये’ अशी पाटी. पाहुण्यांबरोबर त्याचे फोटो झाले. माझ्या वर्गातल्या एका मुलीनं मला हळूच विचारलं, “मॅडम, याच्या आत काय हाय?” त्या दिवशी तिला उत्तर मिळालं नाही, कारण तो उघडायची परवानगी कुणालाच नव्हती. तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही.

दोन वर्षांपूर्वी जवळच्याच एका गावाच्या मंडळानं मला मंडईत जागा दिली. एका बाजूला शिंगाडे विकणारी बाई, दुसऱ्या बाजूला जिलेबीचं दुकान. त्या संध्याकाळचं जरा सविस्तर सांगते, कारण माझी सगळी मागणी तिथूनच निघाली आहे.

आठवी-नववीची सहा मुलं होती, चार मुली आणि दोन मुलगे. त्यांनी एक गाडा बनवला होता. दोन पिवळ्या गिअरच्या मोटारी, मागे दोन चाकं, पुढे एक मोकळी गोटी, मधे साबणाच्या डबीएवढं सर्किट आणि पुढच्या टोकाला खाली तोंड केलेले दोन सेन्सर. सगळं मिळून खर्च सुमारे १,२०० रुपये. जुन्या फ्लेक्सची पांढरी बाजू वर करून जमिनीवर पसरली आणि तिच्यावर वायरमन वापरतात त्या काळ्या टेपनं नागमोडी रस्ता काढला. गाड्यानं त्या काळ्या रेघेवरून जायचं, रेघ सोडायची नाही. शाळेच्या वर्गात तो न चुकता चालला होता.

मंडईत चार वाजता चालू केला आणि दोन हात जाऊन तो सरळ शिंगाड्याच्या टोपलीत घुसला. उचलून परत ठेवला, परत तेच. माणसं जमली. मुलांचे चेहरे उतरले. मलाही क्षणभर काही सुचलं नाही. वायरी बघितल्या, सेल बघितले, सगळं ठीक होतं.

गर्दीत मोटार रिवायंडिंग करणारे एक काका उभे होते. ते खाली बसले, गाड्याच्या पश्चिमेकडून तळहात आडवा धरला आणि म्हणाले, “आता सोड.” गाडा हाताच्या सावलीत रेघ धरून चालला. सावली संपली की भरकटला. मग मुलांना उमगलं. त्या सेन्सरमधून डोळ्याला न दिसणारे अवरक्त किरण निघतात. पांढऱ्यावर पडले की परत येतात, काळ्यावर पडले की तिथंच शोषले जातात. किती परत आले, यावरून गाड्याला कळतं की आपण रेघेवर आहोत की बाहेर. पण उन्हातही हेच किरण भरपूर असतात. चार वाजताचं उतरतं ऊन तिरपं थेट सेन्सरवर येत होतं, आणि त्या लखलखाटात त्याला काळं काय नि पांढरं काय, फरकच कळेना.

एका मुलीनं शिंगाडेवाल्या बाईकडून माचिसची पेटी मागून घेतली. काड्या काढून तिला परत दिल्या, वरचं टरफल कात्रीनं अर्धं कापलं आणि सेन्सरभोवती पडद्यासारखं चिकटवलं. गाडा सोडला. पहिलं वळण घेतलं, दुसरं घेतलं, पूर्ण फेरी मारून परत आला. टाळ्या पडल्या, पण मला त्या टाळ्यांपेक्षा आधीची वीस मिनिटं मोलाची वाटतात. यंत्र चुकलं, ते का चुकलं हे सगळ्यांच्या देखत शोधलं गेलं, शोधायला गावातला एक माणूस मदतीला आला आणि माचिसच्या पेटीनं काम झालं. गाडा पहिल्याच झटक्यात नीट चालला असता, तर लोकांनी दोन मिनिटं पाहिलं असतं आणि जिलेबीकडे वळले असते.

अंधार पडल्यावर एक आजी आल्या. बराच वेळ बघत होत्या. मग विचारलं, “मंग याले राती दिसते का?” मुलगी म्हणाली, “आजी, राती जास्त चांगलं दिसते.” आजी म्हणाल्या, “वाघावानी.” जंगलाला लागून राहणाऱ्या माणसाला दुसरं काय आठवणार! पण मुलीनं मान हलवली. वाघाला थोडा तरी उजेड लागतो, त्याच्या डोळ्याच्या पडद्यामागचा थर तो उजेड परत फिरवतो म्हणून त्याला कमी उजेडात दिसतं. या गाड्याचा उजेड याच्याच जवळ आहे. आजींना पटेना, कारण उजेड तर कुठं दिसत नव्हता. तेव्हा एका मुलानं मोबाइलचा समोरचा कॅमेरा सुरू करून सेन्सरखाली धरला. पडद्यावर जांभळट ठिपका दिसला. डोळ्याला काहीच नाही, मोबाइलमध्ये मात्र ठिपका. आजींनी तीनदा मोबाइल खालीवर करून पाहिलं. मग त्यांनी नातवाला हाक मारली आणि त्याला स्वतः समजावून सांगितलं. मी बाजूला उभी राहून ऐकत होते. एकही शब्द चुकला नाही.

तिथंच एक वनरक्षक भेटले. ते म्हणाले, आमच्या कॅमेरा ट्रॅपमध्येही असंच काहीतरी असतं. मुलांनी त्यांनाच फ्लेक्सजवळ बसवलं. जनावराच्या अंगाची ऊब समोरून सरकली की कॅमेरा जागा होतो, रात्री त्याच न दिसणाऱ्या उजेडात फोटो काढतो, हे त्यांनी इतकं सोपं करून सांगितलं की मी पुढच्या वर्षी वर्गात तसंच शिकवलं.

मंडळींनो, म्हणूनच म्हणते की रोबोट शिकवायला बाहेरचं कुणी आणायची गरज तुम्हाला वाटते तितकी नाही. जाणकार गावातच आहेत, त्यांना कुणी ‘तुमचं हे काम रोबोटिक्सचं आहे’ असं सांगितलेलं नाही, इतकंच.

रोबोटची व्याख्या मी मुलांना तीन शब्दांत सांगते. ओळखणं, ठरवणं, करणं. भोवतालचं काहीतरी ओळखायचं, त्यावरून काय करायचं ते ठरवायचं आणि मग हातपाय हलवायचे. आता आपल्या शेतातला ऑटो बघा. स्टार्टरला लावलेला ऑटो रात्री दोन वाजता थ्री फेज आली की आपोआप मोटार चालू करतो. शेतकरी घरी झोपलेला असतो. मग ऑटो रोबोट आहे की नाही? हा प्रश्न मी त्या मंडईत विचारला आणि अर्धा तास वाद झाला. एक जण म्हणाला, आहे, कारण तो लाइन आली हे ओळखतो. दुसरा म्हणाला, “काहीचा रोबोट! विहिरीत पानी नाही तरी मोटार चालू ठेवते, जाळून टाकते.” अगदी बरोबर. त्याला वीज कळते, पाणी कळत नाही. विहिरीत पाण्याची पातळी सांगणारा एक सेन्सर टाकला आणि पाणी खाली गेलं की मोटार बंद, असं जोडून दिलं, तर तो जरा आणखी शहाणा होतो. ही चर्चा ज्यांनी केली त्यांतले कित्येक जण दहावीच्या पुढे गेलेले नव्हते. पण नियंत्रणशास्त्राचा हा पहिला धडा त्यांना पाठ होता, कारण एकेकाची मोटार जळून रिवायंडिंगला पैसे गेले होते.

किंवा आपल्याकडच्या राईस मिल घ्या. गोंदिया-भंडाऱ्यात मिल नाही असा रस्ता नाही. तिथलं सॉर्टेक्स मशीन तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे, निदान नाव तरी ऐकलं आहे. तांदूळ वरून उतरत्या पन्हळीतून पातळ पडद्यासारखा खाली येतो. पडता पडता कॅमेरे प्रत्येक दाणा बघतात. काळा, पिवळा, डागी दाणा दिसला की हवेची एक बारीक फुंकर नेमकी त्याच दाण्यावर बसते आणि तो बाजूच्या खणात उडतो, चांगला दाणा सरळ खाली जातो. ओळखणं, ठरवणं, करणं, सगळं डोळा मिटायच्या आत. मी मुलांना एका मिलमध्ये घेऊन गेले होते. मशीन चालवणाऱ्या दादांनी ओंजळीत दोन्ही खणांतला तांदूळ घेऊन दाखवला आणि कोणत्या धानाला मशीन किती ‘कडक’ लावायचं, फार कडक लावलं की चांगला दाणाही कसा उडतो, हे सांगितलं. त्या दादांना मंडईत बोलवा. त्यांच्यासाठी एक खुर्ची ठेवा, आणि समोर दोन वाट्या तांदूळ. त्यांच्याइतकं चांगलं ही गोष्ट इंजिनिअरिंगच्या पुस्तकातूनही सांगता येणार नाही.

आता जरा अवघड भागाकडे येते.

रोबोट लोकांसमोर मांडायचा तर तो कौतुकापुरता मांडून चालत नाही. लोकांचे प्रश्न ऐकायला हवेत, आणि ते प्रश्न सोपे नसतात. आमच्या गाड्याच्या शेजारी इंजिनिअरिंगच्या दोन मुलांनी फवारणीच्या ड्रोनबद्दल माहिती मांडली होती. ड्रोन हाही उडणारा रोबोटच. केंद्र सरकारनं २०२३ मध्ये १५,००० महिला बचत गटांना ड्रोन द्यायची योजना मंजूर केली आहे, किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख रुपये मदत. मुलं छान सांगत होती. एका शेतकऱ्यानं विचारलं, “बाबू, तुडतुडा बुडाशी रायते. हे तं वरून फवारते. औषध बुडापर्यंत जाते का?” मुलं गप्प झाली.

प्रश्न किती नेमका आहे बघा. तपकिरी तुडतुडा धानाच्या बुंध्याशी, पाण्याच्या जरा वर बसून रस शोषतो. म्हणून तर आपल्याकडे सांगतात की नळी खाली वाकवून बुडावर मारा. दाट वाढलेल्या धानात वरून पडलेला थेंब पानांवरच अडकला तर उपयोग काय? पंख्यांच्या वाऱ्यानं धान खाली दबतो आणि औषध आत जातं, असं सांगितलं जातं. पण आपल्या दाट बांधीत ते किती आत जातं, हे प्रत्येक शेतात तपासूनच कळेल. त्या मुलांनी वहीत प्रश्न लिहून घेतला. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन करून मला विचारलं की बुडाशी कागदाच्या पट्ट्या बांधून ठेवल्या आणि वरून साधं रंगीत पाणी फवारलं, तर किती थेंब पोचले ते मोजता येईल का. येईल ना! चार वर्षांच्या कॉलेजात जे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं ते एका धानवाल्यानं मंडईत उभं राहून दिलं.

आणि ड्रोन नको, असंही मी म्हणणार नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले. पाठीवर पंप, तोंडाला फडकं, अंगावर औषधाचा तुषार. माणसाला त्या तुषारातून बाहेर काढणारं कुठलंही यंत्र मला हवं आहे. पण ते कुणी चालवायचं, कुठं उपयोगी पडेल, कुठं नाही, हे ठरताना शेतकरी आणि मजूर त्या बोलण्यात असायला हवेत. आज ते बोलणं होतंय कुठे?

सगळ्यात जड प्रश्न रोवणीच्या बायांनी विचारला. पाच-सहा जणी एकत्र आल्या होत्या, एकाच गटातल्या. एकीनं विचारलं, “मॅडम, हे असंच वाढत गेलं तं आमच्या हातचं काम जाईन ना?” रोवणी यंत्र त्यांनी पाहिलं होतं. त्या यंत्राला ट्रेमध्ये चटईसारखे पऱ्हे (रोपं) तयार करावे लागतात, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. हार्वेस्टर आल्यापासून कापणीचे दिवस किती कमी झाले, तेही त्यांनी सांगितलं. मी त्यांना खोटा धीर दिला नाही. म्हटलं, काही काम जाईल. कंबर मोडणारं काम गेलं तर बरंच, पण त्याच्याबरोबर मजुरी जाते त्याचं काय, हा प्रश्न तुम्ही मोठ्यानं विचारला पाहिजे, यंत्र बनवणाऱ्यांच्या तोंडावर विचारला पाहिजे.

‘रोबोट’ हा शब्दच मुळात नाटकातून आला आहे. १९२० साली कारेल चापेक या चेक लेखकानं एक नाटक लिहिलं. त्यात कारखान्यात बनवलेले कामकरी होते, आणि त्यांच्यासाठी त्यानं चेक भाषेतल्या ‘रोबोटा’ या शब्दावरून हे नाव घेतलं. रोबोटा म्हणजे बेगार, वेठ. मालगुजारीच्या काळात आपल्या आज्या-पणज्यांनी जे पाहिलं तेच. आणि त्या नाटकातही हाच पेच आहे, सगळं काम यंत्रमाणसांनी केलं तर माणसांचं काय होणार. शंभर वर्षांपूर्वी प्रागच्या रंगमंचावर आलेला प्रश्न आमच्या मांडवात रोवणीच्या बाईनं स्वतःच्या अनुभवातून विचारला. झाडीपट्टीत नाटकाला रात्रभर माणूस बसतो. ज्या मंडईत नाटक आहे, तिथं रोबोट परका कसा?

मला गाडगेबाबांची कीर्तनं आठवतात, म्हणजे ऐकलेली नाहीत, आजोबांकडून त्यांच्याबद्दल ऐकलं आहे. ते लोकांना प्रश्न विचारत आणि लोकांकडूनच उत्तर काढून घेत. माझ्या मांडवाचा नमुना तोच आहे. भाषण नको, प्रश्न हवेत, दोन्ही बाजूंनी.

तुम्ही म्हणाल, हे शाळांचं काम, त्यांना पैसे मिळतात. मिळतात, हे खरं. मुलांनी स्वतःच्या हातानं यंत्रं बनवून बघायची, त्या अटल टिंकरिंग लॅबची योजना २०१६ मध्ये सुरू झाली, निवडलेल्या शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान, देशात अशा १०,००० लॅब झाल्या आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात पुढच्या पाच वर्षांत आणखी ५०,००० करायचं जाहीर झालं. चांगली योजना आहे, काही शाळांनी तिचं सोनं केलं आहे. पण एका शाळेत मी त्या लॅबचे खोके कुलपात पाहिले. वर प्लास्टिकचं वेष्टन तसंच. मुलांनी हात लावला आणि काही तुटलं तर साठा नोंदवहीत काय लिहायचं, ही भीती. त्या शिक्षकांना दोष देऊन उपयोग नाही. सामान मिळालं, ते मोडायची मुभा मिळाली नाही. आणि ज्या गावाच्या शाळेत लॅब आहे त्या गावाला तरी ती कुठं माहीत आहे? मंडईच्या दोन दिवसांसाठी ती खोकी बाहेर काढायला लावा. मंडळानं मुख्याध्यापकांना लेखी पत्र दिलं की त्यांनाही आधार होतो. नागपूरचं रमण विज्ञान केंद्र १९९२ पासून आहे, पण आमच्या लाखांदूरपासून शंभर किलोमीटरहून लांब. आमच्या वर्गातली फार थोडी मुलं तिथं जाऊन आली आहेत, त्यांच्या आया तर जवळपास कुणीच नाही.

माझ्या मागण्या आता सांगते.

जागा बाजाराच्या रांगेत द्या, शाळेच्या आवारात किंवा मंदिरामागे नको. जिथं आलूबोंडा आणि बांगड्या आहेत, तिथंच. वेळ दुपारी चार ते रात्री नऊ. नंतर नाटकाची गर्दी सुरू होते आणि तेव्हा आम्ही आवरून घेतो. दिवे एलईडीचे हवेत. हॅलोजन लावलात तर उन्हासारखंच होईल आणि गाडा परत शिंगाड्यात जाईल. जनरेटरची लाइन खालीवर होते म्हणून मुलांच्या टेबलावर चालू वायर असणार नाही, सगळं सेलवर चालेल. लिथियमचे सेल शॉर्ट झाले तर पेटू शकतात, त्यामुळे त्यांचं चार्जिंग मोठ्या माणसाच्या नजरेखालीच होईल आणि रेतीनं भरलेली बादली बाजूला राहील.

उद्घाटन ठेवू नका. पाहुण्यांचा मान नाटकाच्या मंचावर राखला जातोच. इथं फीत कापली की मुलं तासभर वाट बघत बसतात आणि पाहुणे दोन मिनिटांत जातात. त्यापेक्षा पाहुण्यांनी संध्याकाळी येऊन खाली बसावं आणि एखाद्या मुलीकडून समजून घ्यावं. मुलांना त्याचा आनंद जास्त होतो, हे मी पाहिलं आहे.

एक तास फक्त बायांसाठी ठेवा आणि माइकवरून तसं तीनदा पुकारा. हे आग्रहानं सांगते. पुरुषांची गर्दी असली की बाया मागून बघून निघून जातात. पहिल्या वर्षी तसंच झालं. रोवणीच्या गटातल्या बाया आल्या, त्याही गर्दी ओसरल्यावर, सामान आवरताना.

आणि मांडवात असलेली प्रत्येक वस्तू उघडता आली पाहिजे. ज्याला हात लावता येत नाही असा रोबोट कुणी फुकट देतो म्हटलं तरी घेऊ नका.

नागपूर, अमरावती, शेगाव, चंद्रपूर, सेवाग्रामच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या मुलामुलींपर्यंत हे पत्र पोचलं तर त्यांनाही सांगते: तुम्ही स्पर्धांसाठी रात्र रात्र जागून यंत्रं बनवता. त्यातलं एक घेऊन दोन दिवस आमच्याकडे या. राहायची सोय गावात कुणाच्याही घरी होते, मंडईत पाहुण्याला कुणी नाही म्हणत नाही. सोबत प्रश्न लिहून घ्यायला वही आणा. तुडतुड्याचा प्रश्न अजून कुणी पुरता सोडवलेला नाही.

जिल्हा परिषदेतल्या आणि नियोजन समितीतल्या साहेबांना एवढंच, की जिल्ह्याच्या वार्षिक आराखड्यात नावीन्यपूर्ण योजनांसाठी वेगळी तरतूद असते. दहा गावांच्या दहा मांडवांना मोटारी, सेन्सर, टेप आणि सेल एवढंच लागतं. आमचा एक गाडा १,२०० रुपयांत झाला, त्यावरून हिशेब तुम्हीच करा.

मंडळांनी मात्र या पैशांची वाट बघू नये. पहिल्या वर्षी आम्ही तीन शिक्षकांनी मिळून खर्च केला, जिलेबीवाल्यानं वीज दिली आणि फ्लेक्स पानठेल्यावाल्याकडून जुनं मिळालं. त्या संध्याकाळी ज्या मुलीनं माचिसची पेटी कापली ती आता अकरावीत आहे. सायन्सला गेली. तिची आई रोवणीला जाते. आई त्या रात्री तिथंच होती, आणि मुलगी काय करते ते तिनं पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. घरी गेल्यावर तिनं मुलीला काय विचारलं माहीत आहे? “तो गाडा आपल्या बोडीतलं पानी मोजून सांगन का?”

बोडी म्हणजे शेताला पाणी देणारं लहान तळं. दोघी सध्या त्याच कामाला लागल्या आहेत. जमिनीत खुपसायचा स्वस्त सेन्सर लावून पाहिला, तो काही आठवड्यांतच गंजला, कारण ओल्या मातीत सतत वीज सोडली की धातू झिजतो. आता वरून आवाज सोडून त्याचा पडसाद मोजणारा सेन्सर घेतला आहे. माणसाच्या कानाला ऐकू न येणारा, वटवाघळासारखा बारीक आवाज. तो पाण्यावर आपटून परत येतो. पाणी एक मीटर खाली असेल तर जाऊन यायला साधारण सहा मिलिसेकंद लागतात. यंदा तो कुठल्या तरी मंडईत पाण्यानं भरलेल्या टाकीवर लावून दाखवायचा तिचा विचार आहे. कोणत्या, ते तुमच्या बैठकीवर आहे.

बैठकीची तारीख तुमच्या गावच्या शाळेत कळवा, निरोप माझ्यापर्यंत पोचतो. मी मुलींना घेऊन येईन. टेबल नको, सतरंजीवरच फ्लेक्स पसरू आणि गाडा सगळ्यांसमोर चालवू. माचिसची ती पेटी अजून त्याच्या तोंडाला चिकटलेली आहे.

आपली,
जिल्हा परिषद शाळेतली एक विज्ञान शिक्षिका
लाखांदूर तालुका, जिल्हा भंडारा